भावजयीने राखलेला ठेवा

वाचकहो, मातीच्या साध्या भांड्यात खोचलेल्या सूर्यफुलांचे एक चित्र आपण केव्हा ना केव्हा पाहिलेच असेल. एखाद्या दिनदर्शिकेवर, मुलांच्या पुस्तकात किंवा परिचिताच्या घरच्या भिंतीवर ते आपल्या दृष्टीस पडले असेल, आणि त्यातील पिवळ्याधमक रंगाने क्षणभर आपणांस जागीच खिळवून ठेवले असेल. हे चित्र व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचे होय, हेही पुष्कळांना ठाऊक असते. त्याने दारिद्र्यात दिवस कंठले, मनोविकाराने तो जर्जर झाला आणि १८९० साली, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी, त्याने स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली, ही करुण कहाणी सर्वश्रुत आहे. परंतु मूठभर रसिकांपलीकडे ज्याला कोणी ओळखत नव्हते, त्याची चित्रे आपल्या घरापर्यंत पोहोचली कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर एका स्त्रीच्या चरित्रात सापडते. ती चित्रकर्ती नव्हती, कलासमीक्षक नव्हती, धनिकही नव्हती. ती त्याच्या धाकट्या भावाची पत्नी होती. तिचे नाव योहाना बाँगर.

योहानाबाईंचा जन्म १८६२ साली आम्स्टरडॅम येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. इंग्रजी भाषेचा त्यांनी चांगला अभ्यास केला होता व काही काळ शिक्षिकेचे कामही केले होते. त्यांचे बंधू पॅरिसमध्ये असत. तेथे थिओ व्हॅन गॉग यांच्याशी त्यांची मैत्री होती. त्या परिचयातून पुढे १८८९ सालच्या एप्रिलमध्ये थिओ व योहाना यांचा विवाह झाला आणि नववधू पॅरिसला आली.

थिओ हे एका मोठ्या चित्रविक्रेत्या पेढीच्या शाखेचे व्यवस्थापक होते. त्या काळी पॅरिसच्या कलाजगतात मोठी उलथापालथ चालू होती. १८७४ साली क्लोद मोने, पिसारो, रन्वार, देगा प्रभृती चित्रकारांनी सरकारमान्य प्रदर्शनाकडे पाठ फिरवून आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले होते. मोनेच्या एका चित्राच्या नावातील ‘इंप्रेशन’ हा शब्द पकडून एका टीकाकाराने या मंडळींची टर उडविली, आणि तेच नाव त्या पंथाला कायमचे चिकटले. मराठीत त्याला दृक्प्रत्ययवाद असे म्हणतात. पुराणातील प्रसंग आणि राजेरजवाडे यांना बाजूस सारून या चित्रकारांनी नदीकाठ, रेल्वेचे स्थानक, गवताच्या गंजी असे रोजचे विषय घेतले. नळ्यांत भरलेले तयार रंग मिळू लागल्यामुळे उघड्यावर बसून चित्र काढणे सोपे झाले होते. पाण्यावर क्षणभर चमकणारा प्रकाश जसा डोळ्यांना दिसतो तसा, शुद्ध रंगाचे फटकारे शेजारीशेजारी ठेवून, ते टिपू लागले. पेढीच्या जुन्या गिऱ्हाइकांना ही चित्रे रुचत नसत. तरीही थिओ ती आग्रहाने मांडीत व विकीत.

१८८६ साली व्हिन्सेंट पॅरिसला भावाकडे राहावयास आला आणि ही चित्रे पाहून त्याचे मातकट, काळसर रंग एकाएकी उजळले. परंतु डोळ्यांना दिसते तेवढ्यावर त्याचे समाधान होईना. दोन वर्षांनी दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे गेल्यावर त्याने मनातील उमाळा रंगातून बोलका करण्यास प्रारंभ केला. सेझान, गोगँ आणि व्हॅन गॉग यांच्या या पुढच्या वाटेला ‘पोस्ट-इंप्रेशनिझम’ हे नाव रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने १९१० साली दिले. व्हिन्सेंटचा सारा खर्च थिओ चालवीत. त्या पैशांच्या मोबदल्यात आपली चित्रे थिओच्या मालकीची समजावीत, असा दोघा भावांत करार होता. त्यामुळे व्हिन्सेंटकडून कॅनव्हासांच्या गुंडाळ्या पॅरिसच्या त्या लहानशा घरी येऊन पडत असत.

या घराचे वर्णन योहानाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. जेवणघरात ‘बटाटे खाणारे’ हे शेतकरी कुटुंबाचे चित्र लावलेले होते, आणि पलंगाखाली, कोचाखाली, कपाटाखाली बिनचौकटीच्या चित्रांचे ढीग रचलेले होते. घरकाम करणारी बाई केर काढताना त्यामुळे अगदी मेटाकुटीस येई. एका लहान मेजाचा खालचा खण व्हिन्सेंटच्या पत्रांच्या पिवळ्या पाकिटांनी भरलेला होता. थिओंनी भावाचे शक्य ते प्रत्येक पत्र जपून ठेवले होते.

१८९० सालच्या जानेवारीत या दांपत्यास मुलगा झाला. काकांच्या नावावरून त्याचे नाव व्हिन्सेंट ठेवण्यात आले. ही वार्ता कळताच, मनोरुग्णालयात असलेल्या काकाने पुतण्यासाठी निळ्या आकाशावर बहरलेल्या बदामाच्या फांद्या रंगविल्या. बदामाला वसंताच्या आरंभीच फुले येतात. नव्या जीवाच्या आगमनास यापरते सुंदर प्रतीक कोणते? मे महिन्यात तो स्वतः बाळाला पाहावयास आला. योहानाबाई आपल्या दिरास तेव्हा प्रथमच भेटत होत्या. त्यांना वाटले होते, रोगाने खंगलेला मनुष्य दिसेल. दारात उभा होता तो धट्टाकट्टा, रुंद खांद्यांचा पुरुष. निजलेल्या बाळाच्या पाळण्याशी दोघे भाऊ उभे राहिले तेव्हा दोघांचेही डोळे पाणावले होते.

त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, २९ जुलै १८९० रोजी, व्हिन्सेंटचा अंत झाला. आधीच आजारी असलेल्या थिओंची प्रकृती त्या आघाताने पार ढासळली आणि २५ जानेवारी १८९१ रोजी तेही निवर्तले. विवाहाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. योहानाबाईंचे वय तेव्हा २८ वर्षांचे होते. कडेवर एक वर्षाचे मूल, आणि मागे उरलेली मिळकत म्हणजे सुमारे चारशे तैलचित्रे, शेकडो रेखाटने व खणभर पत्रे. बाजारात या चित्रांना भाव जवळजवळ नव्हताच. थोड्याच दिवसांपूर्वी ब्रुसेल्स येथे ‘तांबडा द्राक्षमळा’ हे चित्र ४०० फ्रँकला विकले गेले होते; व्हिन्सेंटच्या हयातीतील हीच सर्वांत प्रसिद्ध विक्री.

अशा वेळी हा सारा पसारा मिळेल त्या किमतीस फुंकून टाकला असता, तर त्या तरुण विधवेला कोणी बोल लावला नसता. परंतु त्यांनी आपल्या रोजनिशीत निराळाच संकल्प नोंदविला. मुलाचे संगोपन आणि व्हिन्सेंटच्या चित्रांना त्यांचे योग्य स्थान मिळवून देणे, अशी दोन कामे थिओ आपल्यावर सोपवून गेले आहेत, असे त्यांनी मानले. सर्व चित्रे घेऊन त्या हॉलंडला परतल्या आणि आम्स्टरडॅमजवळच्या बुसुम या गावी त्यांनी एक खाणावळवजा निवासगृह सुरू केले. पाहुण्यांची उठबस, हिशेब, बाळाची काळजी, आणि उरलेल्या वेळात भाषांतराची व पुस्तकपरीक्षणाची कामे, असा त्यांचा दिनक्रम असे. घरातील भिंतींवर मात्र दिराची चित्रे लावलेली असत.

चित्रकलेचे शास्त्रशुद्ध शिक्षण त्यांना नव्हते. ते त्यांनी वाचून, पाहून, जाणकारांशी बोलून मिळविले. गावातच राहणारे चित्रकार व समीक्षक यान फेत यांना व्हिन्सेंटची चित्रे प्रथम ओबडधोबड वाटली. योहानाबाईंनी वाद घातला नाही; त्यांनी फेत यांना व्हिन्सेंटची पत्रे वाचावयास दिली. चित्रामागचा माणूस कळला म्हणजे चित्रही कळू लागते, हे त्यांनी ओळखले होते, आणि फेत यांचे मत पुढे खरोखरच पालटले. दुसरे एक तरुण चित्रकार रोलांट होल्स्ट यांनी तर, न कळणाऱ्या विषयावर ही बाई भाबडेपणाने बोलते, अशी तक्रार आपल्या मित्राजवळ केली होती. त्याच रोलांट होल्स्ट यांनी १८९२ सालच्या हिवाळ्यात आम्स्टरडॅमला व्हिन्सेंटचे प्रदर्शन भरविण्यास हातभार लावला आणि सूचिपत्राच्या मुखपृष्ठासाठी मान टाकलेले सूर्यफूल रेखाटून दिले.

व्यवहारातही त्यांनी विलक्षण चातुर्य दाखविले. प्रदर्शनास चित्रे पाठविताना विकावयाच्या चित्रांबरोबर काही उत्कृष्ट चित्रे ‘विक्रीसाठी नाही’ अशी नोंद करून त्या पाठवीत. त्यामुळे इतर चित्रांकडेही रसिकांचे लक्ष वेधले जाई. एका वेळी फार चित्रे त्या बाजारात आणीत नसत. प्रत्येक विक्री त्यांनी हिशेबाच्या वहीत टिपून ठेवली आहे. बर्लिनच्या विक्रेत्यांशीही त्यांनी धिमेपणाने संबंध जोडले. १९०१ साली त्यांनी योहान कोहेन गोसशाल्क या चित्रकाराशी पुनर्विवाह केला, तरी हे कार्य खंडित झाले नाही. १९०५ साली आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयातील दालने भाड्याने घेऊन त्यांनी व्हिन्सेंटच्या ४८० हून अधिक कृतींचे भव्य प्रदर्शन भरविले. १५ वर्षांच्या मुलाने निमंत्रणे लिहिण्यास आईला मदत केली. ज्या चित्रांना एके काळी घरात ठेवायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी आता संग्रहालयाच्या भिंती उघडल्या होत्या.

राहिली होती ती पत्रे. पुष्कळ पत्रांवर तारखा नव्हत्या. त्यांतील उल्लेख ताडून त्यांचा क्रम लावणे व ती नकलून काढणे, हे काम योहानाबाईंनी वर्षानुवर्षे केले. मात्र ती छापण्याची त्यांनी घाई केली नाही. चित्रांना मान्यता मिळण्याआधी चित्रकाराच्या दुःखाविषयी कुतूहल चाळवणे हा त्या मृतात्म्यावर अन्याय ठरेल, अशी त्यांची धारणा होती. अखेर १९१४ साली ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांनी थिओंच्या अस्थी हॉलंडहून हलवून फ्रान्समधील ओव्हेर येथे व्हिन्सेंटच्या शेजारी ठेविल्या. दोन्ही भावांच्या थडग्यांवर आज एकच वेल पसरलेली आहे.

आता पुन्हा त्या सूर्यफुलांकडे वळू या. १९२४ साली लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहासाठी या चित्राची मागणी आली. योहानाबाईंनी प्रथम नकार दिला. तीसहून अधिक वर्षे हे चित्र त्यांच्या घरी होते. रोज त्यावर दृष्टी जावयाची, अशी त्यांची सवय होती. परंतु त्या संग्रहात व्हिन्सेंटचे प्रतिनिधित्व याहून समर्थपणे दुसरे कोणतेही चित्र करू शकणार नाही, हेही त्यांना उमजत होते. शेवटी त्यांनी होकार कळविला, आणि व्हिन्सेंटच्या कीर्तीसाठी आपण हा त्याग करीत आहोत, असे पत्रात लिहिले. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर १९२५ रोजी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी पत्रांचे इंग्रजी भाषांतर चालू होते. ५२६ व्या पत्रापर्यंत त्या येऊन पोहोचल्या होत्या.

बदामाच्या बहराचे चित्र मात्र या कुटुंबाने कधीच विकले नाही. ज्या बाळासाठी ते काढले होते, तो मोठा होऊन अभियंता झाला. आईने मागे ठेवलेला संग्रह त्याने विखरू दिला नाही. १९६२ साली तो एका प्रतिष्ठानाच्या स्वाधीन करण्यात आला आणि १९७३ साली आम्स्टरडॅमला व्हॅन गॉग संग्रहालय उभे राहिले. दोनशेहून अधिक चित्रे आणि सुमारे पाचशे रेखाटने तेथे आज कोणालाही पाहता येतात. पाळण्यावर टांगलेला तो बहरही तेथेच आहे.

वाचकहो, कलावंताच्या प्रतिभेचे गुणगान आपण नेहमीच करतो आणि ते योग्यही आहे. परंतु प्रतिभेने निर्मिलेली वस्तू टिकते ती कोणाच्या तरी हातांनी धूळ पुसल्यामुळे, पत्रांचा क्रम लावल्यामुळे, घाईने विकण्याचा मोह टाळल्यामुळे. आपल्याही घरात, माळ्यावरच्या पेटीत, वडीलधाऱ्यांच्या हातची वही, पत्रे किंवा चित्रे असतील. त्यांतून व्हॅन गॉग निघेलच असे नाही. तथापि ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उलगडून वाचावीत, त्यांवर नाव व साल लिहून ठेवावे. आणि यापुढे कधी त्या सूर्यफुलांसमोर उभे राहण्याचा योग आला, तर बुसुमच्या त्या निवासगृहात पाहुण्यांची ताटे मांडता मांडता भिंतीकडे वळून पाहणाऱ्या योहानाबाईंचेही क्षणभर स्मरण करावे.