पाण्याखालचा वाटाड्या

इंदापूर तालुक्याचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आमच्या कळंबची माणसे वालचंदनगरकडे बोट दाखवतात. ज्या शेठ वालचंद हिराचंदांनी 1930च्या दशकात कळंबच्या माळावर उसाचे मळे आणि साखर कारखाना उभा केला, त्यांच्याच सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून विलायतेस निघाली होती. त्याची आठवण म्हणून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. एवढे नाते सोडले तर आमच्याकडे पाणी म्हणजे नीरेचे, कालव्याचे आणि विहिरीचे. पोहायला शिकायचे ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून, आणि तेही थोरल्या भावाने काठावरून ढकलून दिल्यावर! अशा गावातला मुलगा "मी समुद्रात बुड्या मारण्याचा व्यवसाय करणार" असे म्हणू लागला तर घरात काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा मुलगा म्हणजे माझा पुतण्या. वय बावीस, पदवी पदरात पडलेली. दादांचे म्हणणे थोडक्यात होते : "बुडायला शिकण्यासाठी कोणी पैसे भरतो का?" वहिनींचा प्रश्न अधिक नेमका होता. "भाऊजी, तुम्ही चार ठिकाणी हिंडता. हे पोटापाण्याचे काम आहे की जिवाशी खेळ, एवढे डोळ्यांनी बघून या. मग मी काय ते ठरवीन." तेव्हा पुतण्याला बरोबर घेऊन मी मालवण-तारकर्लीला जाऊन आलो.

वहिनींच्या मनातल्या भीतीला कारणही होते. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण दगावले. आपत्ती दलाचे जवान पाण्यात शोध घेत होते आणि काठावर माणसे डोळे लावून बसली होती. तेव्हापासून आमच्या भागात 'पाणबुड्या' म्हटला की लोकांना तेच आठवते. परंतु पाणबुडे सारे एका जातीचे नसतात. बुडालेल्यांचा शोध घेणारा वेगळा, जहाजाच्या बुडाशी किंवा धरणाच्या दारांशी दुरुस्ती करणारा वेगळा. माझ्या पुतण्याला व्हायचे आहे ते तिसरेच : डाइव्हमास्टर, म्हणजे हौशी मंडळींना पाण्याखाली फिरवून आणणारा वाटाड्या.

ज्या साधनावर हा सारा खेळ चालतो ते 1943 साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी सिद्ध केले. पाठीवर टाकी, तोंडात नळी. टाकीत निव्वळ प्राणवायू असतो अशी समजूत सर्वत्र आहे, ती खोटी. असते ती आपली रोजचीच हवा, फक्त दाबून भरलेली. कमाल आहे ती मधल्या झडपेची. जितक्या खोलीवर माणूस असेल तितक्याच दाबाने ती हवा देते.

आणि दाब ही गोष्ट लहान नव्हे. समुद्रात दर 10 मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. 10 मीटरवर छातीभरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा, की श्वास कधीही कोंडायचा नाही. येथे विहिरीवर वाढलेल्या पोराची पंचाईत होते. आमचे सगळे शिक्षणच मुळी "दम धर आणि घे बुडी" असे! पहिल्या दिवशी तरणतलावात पुतण्याची ही सवय मोडताना शिकवणाऱ्याला बरेच कष्ट पडले.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. खोल पाण्यात तो रक्तात आणि शरीरात विरघळतो. माणूस घाईने वर आला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर व्हावे तसे होते. अंगात बुडबुडे धरतात, सांधे धरतात, प्रसंगी लकवा होतो. म्हणून हळूहळू वर यायचे आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. एकाहून अधिक बुड्या झाल्यावर निदान 18 तास विमानात बसू नये असाही दंडक आहे. आपल्या घाटावरच्या मंडळींनी त्यात एक भर घालून घ्यावी. आंबोली सुमारे 690 मीटर उंच आहे. दुपारी समुद्रातून बाहेर पडून संध्याकाळी मोटारीने घाट चढणे हेही त्यातच मोडते. एक रात्र किनाऱ्यावर मुक्काम करावा, सोलकढी प्यावी, आणि मग निघावे.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर आज जे तरुण वाटाडे दिसतात त्यांतले कितीतरी मच्छीमारांच्या घरातले आहेत. अशाच एकाच्या होडीत मी सकाळभर बसून होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी समोर होती. पाणी अंदमानासारखे नितळ नव्हे, गढूळसर. आणि मला वाटते, वाटाड्याची परीक्षा अशाच पाण्यात होते. चार हातांवरचा माणूस दिसेनासा होतो, तेव्हा त्याचे डोळे माशांकडे नसून माणसांकडे असतात. दर मिनिट-दोन मिनिटांनी तो माणसे मोजतो.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून सगळा कारभार खुणांचा. त्यातही गंमत आहे. आपण 'छान' म्हणून अंगठा वर करतो, तेथे त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. हौशी गृहस्थ खूश होऊन अंगठा दाखवतात आणि वाटाड्या त्यांना मुकाट्याने वर घेऊन येतो! 'ठीक आहे' हे सांगायचे तर अंगठा आणि तर्जनी जुळवून कडे करायचे. पालथा पंजा डुलवला की काहीतरी बिघडले. गळ्यावरून हात फिरवला की हवा संपली.

परंतु त्या सकाळी मला पटवून गेली ती गोष्ट पाण्याखाली घडलीच नाही. निघण्यापूर्वी वाटाड्या एकेकाला विचारत होता : दमा आहे का, कान दुखतो का, सर्दी आहे का? सर्दीने नाक-कान चोंदले असले तर दाब जुळवता येत नाही, पडदा फाटण्याचे भय असते. एका गृहस्थांना शिंका येत होत्या. पैसे भरलेले, मुले होडीत बसलेली, कुटुंब फोटो काढायला सज्ज. त्यांनी आर्जवे केली, मग आवाज चढवला. होडीवालाही कुरकुरला. पंचविशीचा तो पोरगा हात जोडून एवढेच म्हणाला, "काका, आज नको. पैसे परत घ्या, नाहीतर परवा या." तो काही केल्या बधला नाही. पुतण्या हे सारे बघत होता. मासे दाखवणे कोणालाही जमेल, असा नकार देणे जमेल का, असे मी त्याला नंतर विचारले. तो लगेच हो म्हणाला नाही, हे मला बरे वाटले.

कळंबला परतल्यावर वहिनींना मी हीच हकीकत सांगितली. दादांना मात्र हिशेब हवा होता. तो असा. 1966 साली अमेरिकेत निघालेल्या 'पॅडी' या संस्थेची शिडी आपल्याकडे बरीच चालते. पहिल्या पायरीवर 18 मीटरपर्यंत, दुसरीवर 30 मीटरपर्यंत मुभा. मग बचावाचे शिक्षण आणि प्रथमोपचार, आणि त्यानंतर डाइव्हमास्टर. त्यासाठी वय 18 पूर्ण हवे, आरंभी 40 बुड्यांची नोंद हवी आणि प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत 60. 400 मीटर न थांबता पोहायचे, 15 मिनिटे जागच्या जागी तरंगायचे आणि त्यातली शेवटची दोन हात पाण्याबाहेर धरून, थकलेल्या माणसाला 100 मीटर ओढून न्यायचे. एवढे करूनही डाइव्हमास्टरला नवशिक्यांना शिकवून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नाही. तो पुढच्या पायरीवरच्या शिक्षकाचा, आणि बरी कमाईही तेथूनच सुरू होते.

रोजचे काम ऐटीचे नाही. सुमारे 14 किलोची एकेक टाकी वाहायची, भरायची, सगळे सामान गोड्या पाण्याने धुवायचे. जून ते सप्टेंबर मालवणचा समुद्र बंद. तेव्हा कोणी तलावात शिकवतात, कोणी मासेमारीच्या जाळ्यांची डागडुजी करतात, आणि ज्यांचे इंग्रजी बरे आहे ते थायलंडच्या को ताओसारख्या बेटावर हंगामी काम शोधतात. "म्हणजे उसासारखेच. गाळपाचा हंगाम आणि बिनहंगाम," दादा म्हणाले. त्यांना एवढे एक बरोबर उमगले! कामाला वाव वाढेल अशी चिन्हेही आहेत. नौदलाच्या सेवेतून 2024 साली निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी बसवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना पुढे आली आहे.

ज्यांच्या घरी असा हट्ट सुरू असेल त्यांनी एक क्रम पाळावा. फी भरण्याच्या आधी डॉक्टरकडे जावे. दमा, फुप्फुसाचे जुने दुखणे, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर ते आवेदनाच्या कागदावर लपवू नये, कारण खोटी खूण केलेला तो कागद पाण्याखाली कामाला येत नाही. त्यानंतर मुलाला एक आठवडा एखाद्या केंद्रावर नुसते सामान धुवायला पाठवावे. आमचा पुतण्या येत्या डिसेंबरात तेवढ्यासाठीच चालला आहे.