दोन पायांत दोन रंगांचे मोजे

२१ मार्च हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन. तारीख मुद्दाम निवडलेली: २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. संयुक्त राष्ट्रांतर्फे तो २०१२पासून पाळला जातो. गुणसूत्रं मोज्यांसारखी दिसतात, म्हणून त्या दिवशी वेगवेगळे मोजे घालायचे. मोजे ठीकच, पण डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती काय करू शकते याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ. तिच्या आयुष्यावर बेतलेल्या ‘यलो’ (२०१४) या मराठी चित्रपटात मोठेपणीची गौरी तिनेच साकारली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. तेव्हा सोसायटीच्या गणपतीत डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला टाळ्यांपुरतं स्टेजवर बोलावू नका. नाटकात काम द्या आणि तालमी आठवडाभर आधी सुरू करा.