पत्रांचे कप्पे आणि त्यांचें मूळ

कचेरींतल्या संगणकावर केलेला ई-मेलचा कप्पा घरच्या संगणकावर दिसेना, कीं गृहस्थ घाबरून खातेंच काढून पुन्हां जोडावयास निघतात. ही घाई नडते; कांहीं प्रोग्रॅम खात्याबरोबर त्याची साठवणहि पुसून टाकतात.

मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं रचिलेल्या 'आयमॅप' पद्धतींत मूळ पत्रें सर्व्हरवर राहतात. आपल्या यंत्रावर येते ती प्रत. ('पॉप' ही निराळी रीत कप्पे जाणतच नाहीं; खातें तसें असेल, तर कप्पे जुळण्याची आशाच नको.)

म्हणून प्रथम ब्राउझरमधून थेट सर्व्हरवरचें टपाल पाहावें. कप्पा तेथें असल्यास मूळ शाबूत आहे. थंडरबर्डसारखे प्रोग्रॅम बहुधा 'सबस्क्राइब' केलेलेच कप्पे दाखवितात. ही वर्गणी बिनपैशांची आहे, तेवढी खूण करावी. कप्पा तेथें नसल्यास मात्र तो बहुधा 'लोकल फोल्डर्स'खालीं, त्या एकाच यंत्राच्या पोटांत असतो, आणि यंत्र बिघडलें कीं पत्रेंहि गेलीं! अशा वेळीं खात्याखालीं नवा कप्पा करून त्यांत पत्रांची नक्कल न्यावी. मूळ पत्रें जागचीं हलवूं नयेत. सर्व्हरवरची जागा भरली असेल, तर नक्कल मध्येंच अडते. सर्व पत्रें ब्राउझरमध्यें मोजून पाहिल्यावरच जुना कप्पा काढावा.