दूरनियंत्रित विमान घेण्यापूर्वी मैदान पाहावे

बेळगाव परिसराला विमानांचे अप्रूप नाही. सांबरा येथे विमानतळ आहे, हवाई दलाच्या जवानांचे प्रशिक्षण केंद्र आहे. निपाणीच्या वाटेवर हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात प्रवासी विमानांचे सुटे भाग घडतात. अशा भागातील मुलांना छोटे विमान स्वतः उडवावेसे वाटले तर नवल नाही. घोळ होतो तो निवडीत. दुकानात नजर जाते लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीवर, आणि नवशिक्याच्या हाती ती बहुधा पहिल्याच मिनिटात जमिनीवर आदळते.

अशा प्रतिकृतीचे पंख आखूड असतात. तिला हवेत राहण्यासाठी सतत वेग लागतो. तो घटला की पंखांची उचल संपते. शिकाऊ विमानाची रचना याच्या नेमकी उलट असते. लांब-रुंद पंख धडाच्या माथ्यावर बसवलेले असतात आणि त्यांची टोके किंचित वर उचललेली असतात. विमान एका बाजूला कलंडले की त्या बाजूस घसरू लागते. तेव्हा खालच्या पंखाला हवा अधिक कोनातून भिडते, त्याची उचल वाढते आणि विमान आपोआप सावरते. पुरेशी उंची असेल तर रिमोटच्या दांड्या मध्यावर सोडून श्वास घेण्याइतकी उसंत मिळते.

ती उसंत लागतेच. विमान दूर जात असताना डावे-उजवे सरळ असते. ते वळून चालकाकडे येऊ लागले की डावे उजवे भासते आणि हात चुकीच्या दिशेला जातो. यावर उपाय सरावाचा. पिकासिमसारखे विनामूल्य संगणकीय सराव-साधन वापरून काही तास घालवले, तर पुढचे बरेच फोम वाचते.

पंखविस्तार 1.1 ते 1.4 मीटर असावा. त्याहून लहान विमान वाऱ्यात भेलकांडते. बाल्सा लाकूड देखणे खरे, पण मोडले की दुरुस्ती वेळखाऊ. फोमचे विमान गोंद व चिकटपट्टीने त्याच संध्याकाळी उभे राहते. मोटर व पंखा मागच्या बाजूला असतील तर नाकावर आपटूनही पंखा शाबूत राहतो. मात्र हाताने सोडताना फिरत्या पंख्यापासून बोटे जपावीत.

आता मैदान. ड्रोन नियम 2021 मानवरहित विमानांनाही लागू आहेत. 2 किलोपर्यंतच्या विमानाला छंदासाठी वैमानिक परवाना लागत नाही, पण आकाशाची बंधने सुटत नाहीत. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीविना उड्डाण करता येत नाही. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे हरित क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मुभा आहे. म्हणजे सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री या गावांच्या शिवारात हौस भागवता येणार नाही. बेळगाव शहरात लष्करी छावणीही आहे, तेव्हा डिजिटल स्कायचा नकाशा आधी पाहावा. नोंदणीची तरतूदही तपासावी. दाबोळी आणि मोपा अशा दोन विमानतळांमुळे गोवेकरांनाही हा नकाशा टाळता येणार नाही. निपाणीकडील शिवारे सांबऱ्यापासून पुष्कळ दूर आहेत. तेथे अडचण निराळी: उभ्या उसात पडलेले विमान शोधणे हा एक स्वतंत्र छंदच. त्यापेक्षा सोयाबीन निघालेले मोकळे रान, मालकाची संमती घेऊन, बरे. वीजवाहिन्या व रस्ता दूर असावेत. पावसाळ्यातील नैर्ऋत्य वारा नवशिक्याला झेपत नाही. हिवाळ्यातील सकाळ उत्तम.

खर्चाचा मोठा वाटा रिमोटवर करावा. किमान चार चॅनेलचा, 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट पुढच्या विमानांनाही चालतो. उरलेल्या पैशात सुटे पंखे आणि एक जादा बॅटरी घ्यावी. लिथियम-पॉलिमर बॅटरी चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.