दयामरणाचे औषध : दोन कायदे आणि एक निखळलेला दुवा

छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यातले कुम्हारी हे नगर रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. अशा मार्गांवर वाहनांखाली सापडणारी मोकाट जनावरे हा नित्याचा विषय होय. कणा मोडलेले कुत्रे आश्रयगृहात आणले जाते आणि ते बरे होणे नाही, असे पशुवैद्य सांगतो. पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर आपण सामान्यतः भूतदयेच्या विवेचनात शोधतो. प्रत्यक्षात ते औषधाच्या कपाटापाशी येऊन अडते. त्या कपाटाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दयामरण नैतिक आहे काय, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एका असाध्य वेदनाग्रस्त वासराला गांधीजींनी सुई टोचवून मरण देवविले, तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुढे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने वेदनाग्रस्त जनावराचा अंत करण्यास मर्यादित संमती दिली. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी असाध्य आजारी वा प्राणांतिक जखमी कुत्र्यासाठी औषधाचे नावही घातले : सोडियम पेंटोबार्बिटल, शिरेतून, पात्र पशुवैद्याकडून.

हे औषध का, हे समजून घेणे अगत्याचे आहे. मोठ्या मात्रेत ते प्रथम शुद्ध हरपते, मग श्वास थांबवते आणि त्यानंतर हृदय. भूल न देता पोटॅशियम क्लोराइड किंवा स्नायू शिथिल करणारे द्रव्य टोचल्यास प्राणी शुद्धीत असतानाच यातना भोगतो. त्यास दयामरण म्हणता येणार नाही.

परंतु जो गुण प्राण्याला सुखाचा अंत देतो, तोच माणसाच्या हाती घातक ठरतो. म्हणून हे द्रव्य १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात व आपल्या १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात नियंत्रित ठरले. औषध नियमावलीच्या अनुसूची 'एक्स' मध्येही ते आहे. विक्रेत्यास स्वतंत्र परवाना लागतो, साठा कुलूपबंद ठेवावा लागतो आणि चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षे जपावी लागते.

येथे दुवा निखळतो. एक कायदा औषधाचे नाव सांगतो, दुसरा ते कुलपात ठेवतो. आश्रयगृहाने ते कोणत्या नात्याने मिळवावे, हे दोहोंपैकी कोणीही स्पष्ट करीत नाही. मूळ १९८५ च्या नियमांत शासकीय वा धर्मादाय रुग्णालयांना खऱ्याखुऱ्या वैद्यकीय गरजेपुरता साठा ठेवण्याची मुभा होती. पण जेथे रुग्ण मनुष्य नाही, ते आश्रयगृह 'रुग्णालय' ठरते काय? शब्दार्थाच्या या एका प्रश्नावर जनावराची अखेरची घटका अवलंबून राहते. परिणामी सारा भार एकट्या पशुवैद्यावर पडतो. तो नसेल तेव्हा जनावर तळमळत राहते.

उपाय कुलूप काढून टाकण्यात नाही. अमेरिकेत अनेक राज्यांनी आश्रयगृहांना स्वतःच्या नावे नोंदणीची सोय दिली आहे. आपल्याकडेही संस्थेच्या नावे नोंदणी आणि नामनिर्देशित पशुवैद्याची जबाबदारी असावी. कपाटास दोन किल्ल्या असाव्यात. आलेली, वापरलेली व उरलेली मात्रा त्या-त्या जनावराच्या नोंदीसह दोन सह्यांनी लिहिली जावी. जिल्हा पातळीवर ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी. एक बाब विशेषत्वाने सांगावयास हवी : हे औषध मृतदेहात टिकून राहते. कलेवर उघड्यावर टाकल्यास गिधाडे, कावळे व इतर कुत्री विषबाधेने दगावतात. खोल पुरणे किंवा जाळणे हाही नियमनाचाच भाग मानला पाहिजे.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील मोकाट कुत्री आश्रयगृहांत हलविण्याचा आदेश दिला. आश्रयगृहांवरील भार वाढणार, हे उघड आहे. अशा वेळी नोंदवही नसलेले औषध आणि औषध नसलेली नोंदवही ही दोन्ही सारखीच धोक्याची. पहिलीतून माणूस मरतो, तर दुसरीत जनावर मरणाविना तळमळते. दयेला हिशेबाची जोड मिळाली, तरच ती विश्वासार्ह ठरेल.