मांडवातला स्पीकर दिवाणखान्यात

भिलाईजवळच्या अहिवाऱ्यात असो वा नागपुरात, लग्नाच्या मांडवात दणाणणारा बारा इंची स्पीकर घरी गाणी ऐकायला चालेल का?

चालतो, फायदाही होतो. एका वॅटवर, एक मीटर अंतरावर घरगुती स्पीकर साधारण ८७ डेसिबल आवाज देतो, तर व्यावसायिक स्पीकर सुमारे ९७. फरक फक्त दहाचा वाटतो, पण तेवढ्यासाठी घरगुती स्पीकरला दहापट वीज लागते. तबल्याची थाप क्षणात सरासरीपेक्षा २० डेसिबल वर उसळली, की गरज शंभरपट होते. तिथे घरगुती स्पीकरची दमछाक होते. व्यावसायिक स्पीकर मात्र ती थाप सहज पेलतो.

उणिवाही आहेत. खोका लहान आणि कार्यक्षमता जास्त ठेवली, की खोल खर्जावर पाणी सोडावे लागते. अशा अनेक स्पीकरांचा आवाज ५०-६० हर्ट्झखाली ओसरतो, मग वेगळा सबवूफर जोडावा लागतो. कर्ण्यातून येणारी बारीक सरसर आणि अॅम्प्लिफायरच्या पंख्याची घरघर मांडवात कुणाच्या लक्षात येत नाही, शांत खोलीत मात्र खटकते.

तरीही व्यावसायिक स्पीकर घरात आणण्याची कल्पना नवी नाही. स्पीकर बनवणाऱ्या जेबीएल कंपनीने स्टुडिओतल्या ४३१० या स्पीकरची घरगुती आवृत्ती, एल-१००, १९७० मध्ये आणली आणि ती तुफान खपली.

खरेदीपूर्वी ओळखीचे गाणे हळू आवाजात ऐकावे. कारण ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलचीच मर्यादा आहे.