रात्रपाळीला सिस्टर किती?

हृदय अचानक बंद पडले की औषधाआधी माणसे लागतात. एक जण छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटिमीटर खोल दाबतो. दोन मिनिटांत त्याचे दंड भरून येतात, दाब उथळ पडू लागतो. मग दुसऱ्याने जागा घ्यायची. तिसरा अंबू बॅगने श्वास देणार, चौथा शॉकचे मशीन लावणार. वॉर्डात एकटीच सिस्टर असेल तर? मुळात पेशंट निपचित पडलाय हे लक्षात यायलाच उशीर होतो.

अमेरिकेतल्या 75 रुग्णालयांच्या 2016च्या अभ्यासात सिस्टरमागे एकेक पेशंट वाढला, तशी हृदय बंद पडलेले रुग्ण जिवंत घरी परतण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी घटलेली दिसली. आधीच्या, 2008च्या मोठ्या पाहणीत दिवसा 19.8 टक्के वाचले, रात्री 14.7.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला हे फार लागू पडते. सातपुड्याच्या पाड्यांवरचा पेशंट इथल्या उपजिल्हा रुग्णालयात येतो. जळगावचे मेडिकल कॉलेज इथून सुमारे 50 किलोमीटर. थांबलेले हृदय घेऊन तेवढे अंतर कापता येत नाही. म्हणून रुग्णालयासाठी नवे मशीन मागाल तेव्हा रात्रपाळीला सिस्टर किती, हेही विचारा.